लसीकरण सत्राला तीनदा न आणलेलं बाळ: पाठपुरावा कुठपर्यंत, कळवायचं कधी?

सीएचओ_उपकेंद्र
ड्यू लिस्टमध्ये (लस द्यायची राहिलेल्यांच्या यादीत) 14 महिन्यांची मुलगी आहे. पेंटाचे (पाच आजारांवरची एकत्रित लस) तिन्ही डोस झालेत, 9 महिन्यांचा एमआर (गोवर-रुबेला लस) राहिलाय. तीन सत्रं झाली, आणलंच नाही. अंगणवाडीतही दोन महिने वजन नाही. आशाताई गेल्या की आजी दारातूनच "झोपलीय" नाहीतर "मामाकडं गेलीय" सांगते. मोठ्या भावाच्या सगळ्या लशी मात्र वेळेवर. हा नुसता कंटाळा की आणखी काही? आणि कळवायचं झालं तर कोणाला?

गटप्रवर्तक
आधी रजिस्टरमधला 'गैरहजर' हा शब्द काढा. 14 महिन्यांचं लेकरू स्वतःहून गैरहजर राहत नाही. 'आणलं नाही' लिहा, पुढे तारीख, कोण बोललं आणि काय कारण सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत. तीन नोंदी एकाखाली एक आल्या की कारणं जुळतात की नाही ते लगेच दिसतं.

मग साधी कारणं बघा. ऊसतोडीच्या गावात दिवाळीच्या आसपास टोळ्या गेल्या की लस कारखान्याच्या तळावर झालेली असते, आपल्या यादीत मात्र बाळ थकीत. कार्ड मागा, यू-विनवर (लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदीत) शोधा. पेंटानंतर ताप आला म्हणून धसका घेतलेली घरंही असतात. सत्राच्या दिवशी मजुरी बुडते, हे तर आहेच. पण तुमच्याकडे भावाचं सगळं पूर्ण आहे, म्हणजे या घराचा लशीला विरोध नाही. मुलगीच का मागे राहिली, हे शोधा.

बालरोग_ग्रामीण
गृहभेट झाली असं तेव्हाच लिहायचं, जेव्हा बाळ डोळ्यांनी पाहिलं. झोपली असेल तर झोपलेली बघा.

वजनकाटा सोबत न्या. वजनासाठी कपडे काढावेच लागतात, त्यामुळे अंग बघायला वेगळं निमित्त लागत नाही. दंडघेर (दंडाचा घेर) 11.5 सेंमीपेक्षा कमी भरला तर ती तीव्र कुपोषित (सॅम). दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. खळगा राहिला तर सूज आहे, थेट पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवा.

पाठ, कानामागे, मांडीची आतली बाजू नीट बघा. चालणाऱ्या मुलाच्या नडगीवर, कपाळावर खरचटलेलं असतंच. पण रांगताही न येणाऱ्या बाळाच्या अंगावर एकही काळानिळा वळ असला तर डॉक्टरला दाखवायचाच. कमरेखालचा निळसर जन्मडाग आपल्याकडे पुष्कळ बाळांना असतो, त्यावरून आरोप करू नका. जन्मानंतरच्या भेटींची नोंद काढून ताडा. भाजल्याचं असेल तर कड बघा. सांडलेल्या पाण्याचे ओघळ वेडेवाकडे असतात, बुडवलेल्या पायाला मोजा घातल्यासारखी सरळ रेघ येते.

एमआर 5 वर्षांपर्यंत देता येतो. "आता उशीर झाला" म्हणून कोणी परत पाठवलं असेल तर चूक आपलीच.

बालसंरक्षण_जिल्हा
एक गोष्ट कोणी विचारली नाही: आईचं वय किती? ती 18 च्या आतली असेल तर घरचे दवाखाना टाळतात, कारण वय कागदावर आलं की पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरोधातला कायदा) लागेल ही भीती. मग धोक्यात मुलं दोन, एक कडेवरचं आणि एक ते कडेवर घेणारं. मात्र पोक्सोखालचा गुन्हा कळल्यावर गप्प राहता येत नाही. कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम 21 ची शिक्षा.

जखम, उपासमार किंवा बाळ दाखवायलाच नकार असेल तर पुढच्या सत्राची वाट न बघता त्याच दिवशी 1098 या बालमदत क्रमांकावर फोन. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, शंका आणि नोंदी पुरेत. नुसती हयगय दिसत असेल तर अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि ग्राम बाल संरक्षण समिती, तिथे हललं नाही तर जिल्हा बाल संरक्षण कक्ष. बाळाला घरातून हलवायची वेळ आली तर 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं.

सरपंच आणि चार माणसं घेऊन दारात जाऊ नका. दुसऱ्या दिवशी घराला कुलूप दिसतं. आणि बाळाचा फोटो ग्रुपवर टाकू नका, अधिकाऱ्यांच्या ग्रुपवरसुद्धा नाही.

सीएचओ_उपकेंद्र
मामाचं गाव शेजारच्या तालुक्यात आहे. तिथे कोण बघणार?

गटप्रवर्तक
तिथल्या गटप्रवर्तकाला (आशांचं काम बघणाऱ्याला) आजच फोन करा, दोन दिवसांत बाळ बघून कळवायला सांगा. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं अ‍ॅप) स्थलांतरित दाखवून मोकळे होऊ नका. तिकडच्या सेविकेने बाळ पाहिल्याचं कळेपर्यंत नाव तुमच्याच यादीत ठेवा.