दौऱ्याला गिटारचा अँप (अ‍ॅम्प्लिफायर) न्यायचा की नाही?

प्रश्न (गिटारवाला_नाशिक): आमचा पाच जणांचा बँड. पुणे, कोल्हापूर, पणजी असा दौरा ठरतोय. माझ्याकडे फेंडरचा ट्विन रिव्हर्ब अँप आहे, वजन 29 किलोच्या आसपास. एचएक्स स्टॉम्प (अँपचा आवाज काढणारं छोटं डिजिटल पेडल) घेऊन अँप घरीच ठेवावा का?

उत्तर (साउंडवाला_काका): ठेव रे बाबा घरी! मी मिक्सरमागे बसतो, म्हणून सांगतो. 85 वॅटचा ट्विन जरा उघडला की छोट्या हॉलमध्ये गायिकेच्या माइकमध्ये निम्मी गिटारच येते. मग मी गिटारचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो आणि तुम्ही म्हणता, गिटार ऐकूच येत नाही. स्टॉम्पमध्ये कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची डिजिटल नक्कल) लावलास की थेट माझ्याकडे ये. फक्त त्याला एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या केबलचा) आउट नाही, तेव्हा डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडायची डबी) आण, ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला. जनरेटरवरची घूं घूं त्यानेच जाते बहुतेकदा. अ‍ॅडॉप्टर 9 व्होल्ट, 3 अँपिअरचा लागतो स्टॉम्पला. पेडलबोर्डच्या साध्या सप्लायवर तो चालणार नाही.

उत्तर (ट्यूबप्रेमी): काका, पण पाठीमागच्या स्पीकरमधून येणारी हवा? फीडबॅकवर (स्पीकरच्या आवाजाने तार पुन्हा थरथरते त्यावर) सूर लांबवायचा तर स्पीकर हवाच.

उत्तर (साउंडवाला_काका): ते खरंय. मग एक पॉवर्ड मॉनिटर (आत स्वतःचा अँप असलेला स्पीकर) मागे उभा कर, गिटारकडे तोंड करून. मेटॅलिकासारखे लोक अ‍ॅक्स-एफएक्स या डिजिटल यंत्रावर स्टेडियम वाजवतात, आपलं सभागृह ते काय!

गिटारवाला_नाशिक: विमानात 15 किलोचीच मर्यादा. ट्विन विकत नाही, पण येतही नाही.