ठिबकच्या पंपाला व्हीएफडी आणि टायमर: बोअरवर लावू की शेततळ्यावर?

माळरान_सांगोला

नमस्कार मंडळी. सहा एकर डाळिंब आहे, लागवड साडेचार बाय तीन मीटर, झाडाला ४ लिटरचे चार ड्रीपर. ठिबकचे तीन व्हॉल्व्ह आहेत: तीन एकराचा, दोन एकराचा आणि एक एकराचा. बोअरला साडेसात एचपीची सबमर्सिबल, मोटर १८० मीटरवर, उन्हाळ्यात पाणी १३० मीटरपर्यंत खाली जातं. बोअरचं पाणी शेततळ्यात येतं आणि तिथून ५ एचपीचा मोनोब्लॉक ठिबक चालवतो.

एक एकराचा व्हॉल्व्ह एकटा चालू असला की प्रेशर एवढं चढतं की लॅटरल (ड्रीपर बसवलेल्या नळ्या) जॉइनरमधून निसटतात. बायपास अर्धा उघडा ठेवूनच चालवावं लागतं. लाईट आठ तास, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवून पाणी वेळेनुसार आपोआप चालू-बंद करायचं आहे. आधी बोअरवर बसवू का? किती एचपीचा घेऊ? टायमर ड्राइव्हमध्येच मिळतो का?

पॅनेल_चिंचोली

दादा, बोअरवर नको, शेततळ्याच्या मोनोब्लॉकवर बसवा. कारण हेडमध्ये, म्हणजे पंप पाणी किती मीटर उंच ढकलू शकतो त्यात आहे.

पंपाचा स्पीड कमी केला की पाणी त्याच प्रमाणात घटतं, पण हेड वर्गाच्या प्रमाणात घटतं. तुमच्या बोअरच्या पंपाचा बंद व्हॉल्व्हवरचा हेड ५० हर्ट्झला २०० मीटर धरा (पंपाच्या तक्त्यावर खरा आकडा असतो, तो घ्या). पाणी १३० मीटरवरून उचलायचं, वर पाइपचं घर्षण आणि शेततळ्याचा बांध, म्हणजे १४५ मीटर तरी लागतात. ४० हर्ट्झला या पंपाचा हेड राहतो १२८ मीटर. मोटर फिरतेय, अँपिअर घेतेय, आणि वर थेंब नाही. मोटरच्या अंगावरून पाणी वाहत नसल्याने ती आतल्या आत तापते. ४२-४३ हर्ट्झच्या खाली तुमच्या बोअरला अर्थच नाही, आणि उरलेल्या सात हर्ट्झसाठी एवढा खर्च कशाला?

शेततळ्यावर चित्र उलटं आहे. तिथे उचल पाच-सहा मीटरची, बाकी सगळं फिल्टर आणि लॅटरलचं प्रेशर. एकराला साधारण २९६ झाडं बसतात, झाडाला ताशी १६ लिटर, म्हणजे एकराला ताशी पावणेपाच हजार लिटर. तुमच्या तीन व्हॉल्व्हची गरज ताशी १४, साडेनऊ आणि पावणेपाच हजार. एवढा फरक असल्यावर स्पीड बदलण्याचा खरा फायदा मिळतो.

ड्राइव्ह एचपी बघून घेऊ नका, मोटरच्या पाटीवरचे अँपिअर बघून घ्या. ५ एचपी मोनोब्लॉक ७.५ ते ८ अँपिअर घेतो. सीमेन्स व्ही२० मध्ये ४ किलोवॅटचा ड्राइव्ह ८.८ अँपिअरचा आहे, कागदावर पुरतो. पण ४० अंशांच्या वर त्याची क्षमता उतरते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या खोलीतल्या बंद पॅनेलमध्ये ५० अंश सहज होतात. म्हणून ५.५ किलोवॅटचा, १२.५ अँपिअरचा घ्या. डेल्टा एमएस३०० घेतला तरी हिशोब हाच. पॅनेल सावलीत, ड्राइव्हच्या वर-खाली १० सेंटीमीटर मोकळी जागा, आणि हवेच्या जाळीला बारीक जाळी लावाच. पाली आत शिरून टर्मिनलवर शॉर्ट होतात.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. जुन्या स्टार्टरच्या पेटीत मोटरला समांतर कॅपॅसिटर जोडलेला असतो. ड्राइव्ह बसवताना तो काढूनच टाका. ड्राइव्हच्या आउटपुटवर कॅपॅसिटर राहिला तर चालू करताच एफ१, म्हणजे ओव्हरकरंट, आणि नंतर ड्राइव्ह जातो. दोन फेजवर मोटर चालवायची जुगाडाची जोडणी असेल तर तीही काढा.

ठिबक_मोहोळ

टायमरबद्दल सांगतो, कारण गडबड इथेच होते.

बहुतेक लहान ड्राइव्हमध्ये घड्याळ नसतं. एबीबी एसीक्यू५८० मध्ये आहे, त्याच्या पॅनेलमध्ये बॅटरी असते. डॅनफॉस एफसी२०२ मध्येही वेळेनुसार कामं लावता येतात, पण बॅटरीचं जादा कार्ड नसेल तर लाईट गेली की घड्याळ विसरतं. पाच एचपीसाठी एवढा महाग ड्राइव्ह घेण्यात अर्थ नाही.

मुळात आपल्याला घड्याळाची वेळ उपयोगाची नाही. या आठवड्यात लाईट दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. सकाळी सहाचा टायमर लावला आणि लाईट रात्री दहाला आली, तर बाग कोरडी. लाईट आल्यापासून पंप किती मिनिटं चालला हे मोजणारा टायमर हवा, आणि मध्ये लाईट गेली तर मोजलेली मिनिटं लक्षात ठेवणारा. सीमेन्स लोगोसारखा छोटा कंट्रोलर घ्या. त्यात वेळ साठवणारा टायमर मिळतो, फक्त 'रिटेन्टिव्ह' (लाईट गेली तरी वेळ जपणारी सेटिंग) चालू करायला विसरू नका. नाहीतर प्रत्येक झटक्याला पहिल्या व्हॉल्व्हपासून सुरुवात होते: तीन एकराला पाणीच पाणी आणि शेवटच्या एकराला काहीच नाही.

प्रत्येक व्हॉल्व्हला सव्वादोन तास धरा. झाडाला ३६ लिटर होतात आणि एकूण पावणेसात तासांत काम संपतं, आठ तासांत सव्वा तास हाताशी राहतो. लाईट आल्यावर ५ मिनिटं थांबूनच पंप चालू करा. सगळ्यांच्या मोटरी ऑटो स्विचवर एकदम उठतात म्हणून डीपीचा फ्यूज उडतो. शिवाय पहिल्या दोन मिनिटांत व्होल्टेजही स्थिर नसतं.

लोगोला चार आउटपुट असतात, तेवढे पुरतात. पहिला 'चालू'साठी, बाकीचे तीन व्हॉल्व्हसाठी. व्हॉल्व्हच्या प्रत्येक आउटपुटवर दोन कॉन्टॅक्टची छोटी रिले: एक कॉन्टॅक्ट व्हॉल्व्ह उघडणाऱ्या २४ व्होल्ट एसी सोलेनॉइडला, दुसरा ड्राइव्हच्या स्पीडच्या इनपुटला. पुढचा व्हॉल्व्ह उघडल्यावर ३० सेकंदांनी मागचा बंद करा, म्हणजे पंप बंद लाइनवर ढकलत नाही.

रोजचं चालू-बंद इनपुटच्या कॉन्टॅक्टरने (ड्राइव्हची लाईट तोडणाऱ्या विजेच्या स्विचने) करू नका, आतले कॅपॅसिटर भरण्याच्या सर्किटवर ताण येतो. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये कॉन्टॅक्टर तर नकोच.

पॅनेल_चिंचोली

जोडणी बरोबर सांगितली. आता व्ही२० चं प्रोग्रामिंग, याच क्रमाने करा.

आधी पी००१० ला ३० आणि पी०९७० ला २१ टाकून फॅक्टरी रीसेट. मग मोटरची माहिती पाटीवरून: पी०३०४ व्होल्ट ४१५, पी०३०५ अँपिअर, पी०३०७ किलोवॅट ३.७, पी०३१० हर्ट्झ ५०, पी०३११ आरपीएम. त्यानंतर कनेक्शन मॅक्रो (इनपुटच्या कामांचा तयार संच) सीएन००३. यात पहिला इनपुट चालू-बंद आणि पुढचे तीन ठरावीक स्पीड. मॅक्रो नंतर निवडला तर तुम्ही टाकलेल्या किमती बदलतात, म्हणून मॅक्रो आधी, स्पीड नंतर.

पी१३०० (पंपासाठीचा कंट्रोल प्रकार) ला २, पी१०८० (किमान हर्ट्झ) ला ३०, पी१०८२ (कमाल हर्ट्झ) ला ५०, पी११२० (स्पीड चढण्याचा वेळ) ला १० सेकंद, पी११२१ (उतरण्याचा वेळ) ला १५ सेकंद. लाइन लांब असेल तर बंद होण्याचा वेळ २५ पर्यंत वाढवा, पाइपला हादरा बसणार नाही.

स्पीड पी१००१, पी१००२, पी१००३ मध्ये. सुरुवात एक एकराला ३६, दोनला ४२ आणि तीनला ४८ ने करा, पण खरा आकडा गेज सांगेल. फिल्टर धुऊन घ्या, त्या व्हॉल्व्हच्या सबमेनच्या (लॅटरलला पाणी देणाऱ्या पाइपच्या) शेवटी गेज लावा, शेवटच्या लॅटरलला १ किलो प्रेशर मिळेपर्यंत अर्धा-अर्धा हर्ट्झ वाढवा. बायपास पूर्ण बंद ठेवून.

दोन इनपुट एकदम चालू झाले तर व्ही२० दोन्ही स्पीडची बेरीज करतो. ३६ आणि ४२ मिळून ७८ होतात, पण पी१०८२ मुळे ५० वर अडतो. ३० सेकंद दोन व्हॉल्व्ह उघडे असताना हे चालतं. पण पी१०८२ चुकून ६० ठेवलं तर मोटर ओव्हरलोड होईल.

लाईट जाऊन आल्यावर आपोआप उठायला पी१२१० ला ६. शेततळ्यातला फ्लोट स्विच पहिल्या इनपुटच्या तारेतच सिरीजमध्ये टाका, तळं रिकामं झालं की पंप थांबेल. या इनपुटना ड्राइव्हचेच २४ व्होल्ट द्या. २३० ची तार तिथे लागली तर कंट्रोल कार्ड गेलं.

माळरान_सांगोला

खूप आभार. दोन शंका. प्रेशर सेन्सर लावून पीआयडीवर (सेन्सर बघून ड्राइव्ह स्वतः स्पीड ठरवतो त्यावर) चालवलं तर जास्त चांगलं नाही का? आणि बोअरची मोटर लाईट आल्यावर जोरात उठते, पुढे कधी तिथे ड्राइव्ह बसवलाच तर काय बघायचं?

ठिबक_मोहोळ

तीन ठरलेले व्हॉल्व्ह असतील तर ठरावीक स्पीडच बरे. पीआयडीचा फायदा फिल्टर चोंदायला लागल्यावर दिसतो, ड्राइव्ह आपोआप स्पीड वाढवून प्रेशर धरून ठेवतो. तोटाही तोच. सबमेन फुटला तर प्रेशर पडतं आणि ड्राइव्ह ५० वर जाऊन वावरात पाणी सोडत बसतो. पीआयडी केलंच तर ० ते ६ बारचा, ४-२० मिलीअँपिअरचा सेन्सर फिल्टरच्या पुढे, लॅटरलच्या बाजूला बसवा, आणि प्रेशर दोन मिनिटं ठरलेल्या मर्यादेखाली राहिलं की लोगोने पंप बंद करावा अशी सोय ठेवा.

पॅनेल_चिंचोली

बोअरसाठी तीन गोष्टी.

साडेसात एचपीची सबमर्सिबल त्याच एचपीच्या जमिनीवरच्या मोटरपेक्षा जास्त अँपिअर घेते. पाटीवर १४-१५ असतील तर ५.५ किलोवॅटचा ड्राइव्ह पुरणार नाही, ७.५ किलोवॅटचा, १६.५ अँपिअरचा लागेल.

केबल १८० मीटरच्या वर जाते. ४१५ व्होल्टला ड्राइव्हच्या आत ५८७ व्होल्ट डीसी असतं, आणि लांब केबलच्या टोकाला उसळी दुप्पट, म्हणजे ११०० च्या वर जाऊ शकते. पाण्यातल्या वाइंडिंगच्या वायरला ते झेपत नाही. आउटपुटला ही उसळी दाबणारा साइन फिल्टर किंवा निदान डीव्ही/डीटी फिल्टर हवाच. फिल्टरच्या पुस्तकात वेगळं सांगितलं नसेल तर पी१८०० (ड्राइव्हची स्विचिंग फ्रिक्वेन्सी) २ ते ४ किलोहर्ट्झमध्येच ठेवा. फिल्टरचे पैसे वाचवायचे असतील तर बोअरवर ड्राइव्ह बसवूच नका.

तिसरं, मोटरचं थ्रस्ट बेअरिंग (पंपाचा खाली येणारा दाब पेलणारं) पाण्याच्या थरावर चालतं, कमी स्पीडला तो थर तयार होत नाही. ३० हर्ट्झपर्यंत एका सेकंदात पोहोचायला हवं, त्यापुढे सावकाश. व्ही२० मध्ये पी११७५ ला १ (दोन टप्प्यांचा स्पीड), पी२१५७ आणि पी२१५९ ला ३० (टप्पा बदलण्याचे हर्ट्झ), पी११२० आणि पी११२१ ला १.७ (३० च्या खालचा वेळ), पी१०६० आणि पी१०६१ ला २५ (३० च्या वरचा वेळ). मग ३० ते ५० ला दहा सेकंद लागतात, थांबतानाही तसंच. पी१०८० तुमच्या हेडच्या हिशोबाने ४३ च्या खाली नको.

फक्त जोरात उठण्याचाच त्रास असेल तर सॉफ्ट स्टार्टर (फक्त सुरुवात हळू करणारा स्टार्टर) घ्या. तोही सबमर्सिबलसाठीच्या कमी वेळाच्या सेटिंगवर, आणि कॅपॅसिटर तिथेही त्याच्या आउटपुटला ठेवू नका.