लक्ष्या-अशोकमामांचा काळ: सुवर्णकाळ की घसरगुंडी?

तिसरी घंटा:
परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की 1985 ते 95 या दहा वर्षांत मराठी सिनेमा संपला, लक्ष्या, अशोक सराफ, सचिन आणि महेश कोठारे या चौघांनी मिळून त्याचा पाचकळपणा करून टाकला आणि मग 2004 ला 'श्वास' आला तेव्हा कुठे तो शुद्धीवर आला. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहितेच.

मला हे अजिबात मान्य नाही. ही माणसं आकाशातून पडली नव्हती, सगळी रंगभूमीवर घासून तयार झालेली होती. अशोक सराफ विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली 'हमीदाबाईची कोठी' करून आलेले, तेही बँकेची नोकरी सांभाळून. लक्ष्मीकांत बेर्डे पुरुषोत्तम बेर्ड्यांच्या 'टुरटुर'मधून आलेला. सुधीर जोशी, शरद तळवलकर ही तर नाटकातली मुरलेली मंडळी. त्यामुळे यांचं टायमिंग एडिटिंग टेबलावर तयार झालेलं नाही, हजार माणसांच्या हाऊसफुल्ल प्रयोगात कुठे थांबलं की हशा येतो आणि किती सेकंद थांबलं की तो विझतो हे त्यांना अंगात भिनलेलं होतं.

'अशी ही बनवाबनवी'तले अशोक सराफ एकदा नीट बघा. लक्ष्या आणि सचिन साड्या नेसून धमाल करतायत, सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे, पण सिनेमा ओढतोय तो धनंजय माने. दर पाच मिनिटांनी त्याला नवीन खोटं बोलावं लागतं आणि ते बोलायच्या आधी डोळ्यांत एक क्षण जी धावपळ दिसते ना, ती आजही मला थक्क करते. आणि हे सगळं लिहिलंय वसंत सबनीसांनी. ज्यांनी 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलं, ज्यातून दादा कोंडके उभे राहिले, 1971 च्या 'सोंगाड्या'ची कथाही त्यांचीच. त्याच माणसाने 1988 ला पुण्यातल्या भाड्याच्या खोलीवर हा सिनेमा लिहिला. वगनाट्यातला हजरजबाबीपणा त्यांनी शहरी ब्लॉकमध्ये आणून बसवला. याला पाचकळ म्हणायचं?

खडूचा तुकडा:
ताई, तुमचं प्रेम समजतं, पण मी त्या ग्रुपवरच्या माणसाच्या बाजूने आहे आणि थोडं कडक बोलतो.

1975 साली 'सामना' बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. विजय तेंडुलकरांची पटकथा, निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील, डॉक्टर लागूंचा मास्तर. साखर कारखाना, सहकार, गावातली सत्ता, हे सगळं त्याच काळात, ती माणसं सत्तेवर असताना पडद्यावर आलं. 1979 ला 'सिंहासन', अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा, त्यात निळू फुले चक्क पत्रकार आणि अरुण सरनाईक मुख्यमंत्री. 1982 ला 'उंबरठा', स्मिता पाटील. म्हणजे सात-आठ वर्षांत मराठी सिनेमा कुठल्या उंचीवर गेला होता बघा. आणि त्यानंतर हे तिन्ही करणाऱ्या जब्बार पटेलांचा पुढचा मराठी चित्रपट कधी? 1992! दहा वर्षं! या दहा वर्षांत काय झालं, तर एक हिट फॉर्म्युला सापडला आणि निर्माते त्याच्यामागे धावले. दोन मित्र, दोन मैत्रिणी, एक खडूस बाप किंवा घरमालक, वेषांतर, शेवटी मारामारी. मला अशोक सराफांबद्दल तक्रारच नाही, तक्रार आहे ती त्यांच्यासारख्या नटाला दहा वर्षं त्याच चौकटीत फिरवलं याची.

आणि मूळ कथा तरी कुणाची? 'धुमधडाका' म्हणजे 'प्यार किये जा', तोही मुळात तमिळ. 'बनवाबनवी' म्हणजे हृषिकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान', त्याच्याही मागे बंगाली सिनेमा आहे. ज्या भाषेत तेंडुलकर लिहीत होते त्या भाषेने उसन्या गोष्टींवर दिवस काढले.

पंचगंगा:
सर तुम्ही म्हणताय ते 'सामना', 'सिंहासन' आम्हीपण पाहिलेत आणि मान आहेच, पण गावाकडच्या माणसाला त्या काळात काय बघायला मिळत होतं तेपण बघा की. आमच्या कोल्हापूर साइडला तमाशापटांचा काळ ओसरत आलेला, 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंदला 131 आठवडे चालला त्याच्या गोष्टी वडील सांगायचे पण आम्ही थेटरात जाईपर्यंत तेच पाटील, तीच कवठ्याच्या झाडाखालची बैठक, तीच फडावरची बाई बघून लोक कंटाळलेले. त्यात व्हिडिओ आला. गल्लीत भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन हिंदी पिक्चर बघायचे लोक. अशा वेळी मराठी पिक्चरला तिकीट काढून रांग लावायला लावली ती याच पोरांनी, हे विसरून कसं चालेल?

आणि रिमेक म्हणून नाक मुरडू नका. 'बीवी और मकान' आज किती जणांना आठवतो? मराठीतला आठवतो कारण सबनीसांनी त्यात पुण्याचा घरमालक घातला, भाड्याची कटकट घातली, नोकरीसाठी शहरात आलेली पोरं घातली. आमच्या गावातनं पुण्याला गेलेल्या प्रत्येकाला तो सरपोतदार कुठल्या ना कुठल्या नावाने भेटलेला आहे. गोष्ट बाहेरची असली तरी माणसं आपली होती.

मोरपिशी:
मी दोन्ही बाजूंनी भांडणार आहे, आधीच सांगते.

तुम्ही सगळे नटांची नावं घेताय. या धाग्यात आत्तापर्यंत नट्यांपैकी फक्त स्मिता पाटीलचं नाव आलं, तेही कडक सिनेमाच्या बाजूने. रंजना कुठाय? रंजना देशमुख! वत्सला देशमुखांची मुलगी, संध्याबाईंची भाची, व्ही. शांतारामांच्या 'चानी'मध्ये ती जे करते, तिथून 'सुशीला', तिथून 'अरे संसार संसार'मधली सोसणारी शेतकरीण, आणि त्याच बाईचं 'गोंधळात गोंधळ', 'गुपचुप गुपचुप', 'बिनकामाचा नवरा'मधलं विनोदाचं टायमिंग. अशोक सराफांसमोर ती नुसती उभी नसायची हो, त्यांचं वाक्य झेलून तसंच परत फेकायची. विनोद दोघांचा असायचा. बायको रागावते, नवरा घाबरतो हा सरधोपट मामला तिने कितीतरी सिनेमांत मोठा करून दाखवलाय, कारण तिचा राग खरा वाटायचा आणि तिला स्वतःला तो राग करण्यात मजा येतेय हेपण दिसायचं.

तिचा अपघात झाला, शूटिंगला जाताना, आणि ती चालू शकेना झाली. नंतर व्हीलचेअरवर बसून 'फक्त एकदाच' हे नाटक केलं तिने. 2000 साली गेली. आणि तिच्यानंतर बघा या विनोदी सिनेमात बायकांचं काय झालं. गाणं, रुसवा, शेवटी किडनॅप. 'बनवाबनवी'त अश्विनी भावेची माधुरी निदान दुकानाची मालकीण तरी आहे, मानेची बॉस आहे, तिच्या वाट्याला एक-दोन प्रसंग आलेत जिथे ती हसवते. पण बाकीच्या? सगळ्यात चांगले बाईचे प्रसंग सचिन आणि लक्ष्याला मिळाले, साडी नेसून. हे मला त्या सिनेमावर प्रचंड प्रेम असूनही खुपतं. त्यामुळे सुवर्णकाळ म्हणताना कुणासाठी ते पण सांगा.

कट्यार७२:
मोरपिशीताई रंजनाबद्दल 100 टक्के. पण एक राहिलं, 1991 ला 'माहेरची साडी' आला, अलका कुबल, आणि तो असा काही चालला की गावोगावच्या बायका ट्रॅक्टर-टेम्पो करून बघायला गेल्या. म्हणजे विनोदी लाटेत दुसरं काही चालतच नव्हतं हे खडूचा तुकडा सरांचं म्हणणं टिकत नाही. 1989 चा 'कळत नकळत' बघा, मोडायला आलेल्या संसाराची गोष्ट आणि त्यात अशोक सराफ मामा, स्वतःच्या आवाजात गाणं गायलेत लहान मुलांसाठी. 'चौकट राजा' 1991 चा, त्यात दिलीप प्रभावळकरांचा नंदू आठवतो सगळ्यांना, पण त्याला सांभाळून घेणारा चाळीतला गणा अशोक सराफांनी केलाय, किती संयमाने. चौकटीत फिरवलं म्हणता, पण माणूस संधी मिळेल तिथे चौकटीबाहेर जातच होता.

लोकलमधला:
माझा जन्मच 1999 चा आहे, त्यामुळे मी यातलं काहीच थिएटरात बघितलेलं नाही, सगळं टीव्हीवर आणि फोनवर. आमच्या वयाची पोरं हे सिनेमे पाठ म्हणतात, ऑफिसच्या ग्रुपवर 'बनवाबनवी'तला सत्तर रुपयांचा आणि लिंबू कलरच्या साडीचा प्रसंग आठवड्यातून एकदा तरी येतोच. पण मला वाटतं यानेच नुकसान होतंय. तीस सेकंदांची क्लिप बघून लोकांना वाटतं सिनेमा म्हणजे नुसते पंच आहेत. सत्तर रुपयांचा प्रसंग विनोदी का आहे, तर त्याच्या आधी मानेने सरपोतदारांना किती आणि काय काय सांगून ठेवलंय ते माहीत असतं म्हणून. 'धुमधडाका'त अशोक सराफ खोटा श्रीमंत यदुनाथ जवळकर होऊन येतो, तो पाइप, तो खोकला, त्याचे मीम होतात, पण समोर शरद तळवलकर जे काही न करता फक्त विश्वास ठेवत बसलेत ते क्लिपमध्ये कापलं जातं. तळवलकरांनी विश्वास ठेवला नसता तर खोकल्याला कोण हसलं असतं?

आणि कोठाऱ्यांबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून. 'धडाकेबाज' 1990 ला सिनेमास्कोप, 'झपाटलेला' 1993 ला बोलक्या बाहुल्यावाल्या रामदास पाध्यांना घेऊन. कल्पना हॉलीवूडची, मान्य. पण मराठीच्या बजेटमध्ये बाहुला पडद्यावर चालता-बोलता करून पोरांना रात्री घाबरवायचं, हे धाडस होतं. आमच्या पिढीला मराठी सिनेमा आपला वाटायला तात्या विंचू कारण आहे. 'सिंहासन' मी नंतर बघितला, बावीसाव्या वर्षी, आणि आवडला. पण आधी तात्या विंचू नसता तर मराठी सिनेमा लावलाच नसता.

खडूचा तुकडा:
लोकलमधला, छान लिहिलंस. तळवलकरांबद्दल तर अगदी मनातलं.

पण माझा मुद्दा कुणीच खोडलेला नाहीये. कट्यार यांनी 'माहेरची साडी' दिला, तो चालला म्हणून दर्जा सिद्ध होतो का? मी म्हणतोय की चांगला प्रेक्षक तयार होत होता आणि तो आपण घालवला. याचा पुरावा देतो. 1992, 'एक होता विदूषक'. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पटकथा-संवाद पुलंचे, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. आणि मुख्य भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशातला सोंगाड्या, सिनेमात जातो, मोठा होतो, राजकारणात ओढला जातो आणि त्याचं हसवणंच हरवतं. मी दहा वेळा सांगतो, लक्ष्मीकांतसारखा अभिनय त्या दशकात फार थोड्यांनी केला असेल. आणि चालला नाही तो. ज्यांनी लक्ष्याच्या प्रत्येक सिनेमाला गर्दी केली ते त्याला रडताना बघायला गेले नाहीत. त्यानंतर त्याच्या वाट्याला काय आलं? हिंदीत नोकर. 'मैंने प्यार किया'पासून सुरू झालं होतं ते 'हम आपके हैं कौन'मध्ये पुन्हा तेच. 2004 च्या डिसेंबरला पन्नाशीत गेला. 'श्वास' त्याच वर्षी आला होता. त्याला त्या नव्या सिनेमात काम करायला मिळालंच नाही, आणि हे मला लागतं.

तिसरी घंटा:
सर, 'विदूषक' मलाही तेवढाच प्रिय आहे, मग आता तुमचं-माझं भांडण कुठे उरतं ते सांगते. तुम्ही म्हणता विनोदी सिनेमांनी लक्ष्याला खाल्लं. मी म्हणते, पुलंनी आणि जब्बारांनी त्या भूमिकेसाठी त्याच्याकडे बघितलं ते त्याने हसवून दाखवलं होतं म्हणूनच. आबुराव हा विदूषक आहे, तो करायला आधी महाराष्ट्राला हसवलेला माणूस लागतो. एखाद्या गंभीर नटाने केला असता तर तो हसवायचा थांबतो तेव्हा काहीतरी गेलं असं वाटलंच नसतं.

चालला नाही हे खरं आहे आणि तो दोष मी प्रेक्षकांवर टाकते, 'धुमधडाका'वर नाही. अशोक सराफांना महाराष्ट्र भूषण आणि मग 2025 ला पद्मश्री मिळाली तेव्हा सगळीकडे आनंद झाला, मलाही झाला, पण त्यातल्या किती जणांनी 'हमीदाबाईची कोठी'चा उल्लेख केला? किती जणांनी सबनीसांचं नाव घेतलं? नटावर प्रेम करायचं तर त्याने काय काय केलं ते सगळं बघायला हवं ना.

मोरपिशी:
आणि त्या 'सगळं'मध्ये रंजनाचं नाव राहूदे हं ताई. एवढी नावं आली, तुमच्या शेवटच्या प्रतिसादातपण ती नाहीच.

पंचगंगा:
'सोंगाड्या'च्या वेळी दादांना दादरच्या कोहिनूरला थेटर मिळेना, बाळासाहेबांच्या माणसांनी रस्त्यावर उतरून मिळवून दिलं. तेव्हापण सुशिक्षित लोक म्हणायचे हे असलं काय बघता. आज दादांवर पुस्तकं निघतात. म्हणून म्हणतो खडूसर, वीस वर्षांनी 'झपाटलेला'वर तुमचाच एखादा विद्यार्थी प्रबंध लिहील.

खडूचा तुकडा:
लिहूदे, मी वाचीन. पण 'सामना' न बघता लिहिला तर पास करणार नाही. आणि मोरपिशी, 'गोंधळात गोंधळ'ची चांगली प्रिंट कुठे मिळते का? या रविवारी बघतो.