मदत हवी आहे: जुनी हॅचबॅक, रोज ऑफिसला पण चालवायला मजा येईल अशी. रविवारच्या आत सांगा

धायरीकर_वळणवाला
मंडळी, घाईत लिहितोय. सेकंडहँड हॅचबॅक घ्यायचीये, रोज ऑफिसला न्यायला. पण नुसती नेऊन सोडणारी नको, घाटात वळण घेताना गाडी हातात आहे असं वाटलं पाहिजे. तीन महिने झाले रोज रात्री ॲपवर गाड्या बघतोय, आता सगळ्या सारख्याच दिसायला लागल्यात. पोलो, स्विफ्ट, फिगो या तिघांपर्यंत आलोय. रविवारी एक २०१५ ची पोलो जीटी टीएसआय बघायला जायचंय, मालक म्हणतो अजून दोन गिऱ्हाईकं लाइनीत आहेत. टोकन देऊ का नको एवढंच सांगा पटकन.

सह्याद्री_ड्रायव्हर
बजेट किती? रोजचं रनिंग किती? पेट्रोल की डिझेल? पोलोचं रीडिंग किती, कितवा मालक? यातलं काहीच लिहिलं नाहीस आणि टोकन देऊ का विचारतोस. कोणी काय सांगायचं?

चाकणचा_पोऱ्या
दे टोकन, डोळे झाकून दे. १.२ टर्बो, १०५ पीएस ताकद, १७५ एनएम ओढ आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ही गाडी आमच्या चाकणला बनायची, २०२२ ला बंद झाली, आता नवी मिळणार नाही. ८० च्या पुढे रस्त्याला जी चिकटते ती चिकटतेच, दार लावल्यावर जो आवाज येतो तो या किमतीत दुसऱ्या कुठल्याच गाडीला नाही.

मावशीची_ब्रिओ
मी होंडा ब्रिओ चालवते, सात वर्षं. १.२ इंजिन, ८८ पीएस, गाडी एवढीशी त्यामुळे पेठेतल्या गल्लीत कुठेही शिरते. कोणी तिचं नावच घेत नाही म्हणून लिहिलं.

सह्याद्री_ड्रायव्हर
@चाकणचा_पोऱ्या डोळे झाकून कोणी जुनी डीएसजी घेतं का? तो कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आहे, बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये तापतो आणि गिअर बदलणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर खर्च लाखाच्या घरात जातो. माझ्या सख्ख्या भावाच्या ड्युअल क्लच गाडीचं (कंपनी सांगत नाही) वॉरंटी संपल्यावर चौथ्या महिन्यात हेच झालं, सिंहगड रोडला भर पावसात गाडी बंद. एवढ्या पैशात मुलीची वर्षाची फी भरून झाली असती त्याची.

धायरीकर_वळणवाला
बजेट पाच, फार तर सव्वापाच, ट्रान्सफर इन्शुरन्स सगळं धरून. धायरी ते हिंजवडी फेज २, जाऊन येऊन ४५-५० किमी, आठवड्यातून चार दिवस. शनिवारी गावाला, वाईच्या पुढे. पेट्रोल. आता सांगा.

रांजणगाव_फॅन
वाईच्या पुढे म्हणजे पसरणी घाट आलाच की! मग फियाट पुंटो बघ भाऊ. हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे, आताच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगला ती सर नाही. रस्ता कसा आहे ते तळहाताला कळतं. माझी २०११ ची १.३ मल्टीजेट डिझेल अजून आहे, तेच इंजिन स्विफ्टच्या डिझेलमध्येही यायचं, त्यामुळे इंजिनाचे पार्ट कुठल्याही गावात मिळतात. आणि अबार्थ पुंटो, १४५ पीएस, आपल्या रांजणगावला बनलेली, त्या गाडीसारखी हॅचबॅक भारतात परत कोणी आणली नाही, हे मी कुठेही छातीठोक सांगेन.

सह्याद्री_ड्रायव्हर
त्याने पेट्रोल सांगितलंय. आणि इंजिनाचे पार्ट मिळतात पण बंपर, हेडलॅम्प, दाराच्या पट्ट्या? रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला एका लॅम्पसाठी तीन आठवडे थांबवणार का?

रांजणगाव_फॅन
माझा हेडलॅम्प दोन दिवसांत आला होता. ग्रुपवर माणसं आहेत, एकमेकांना पाठवतात. ज्याने ती गाडी कधी ठेवलीच नाही त्याने बोलू नये.

ईव्ही_का_नको
जुनी टियागो ईव्ही बघा. क्लच नाही, गिअर नाही, सिग्नल सुटला की पहिली तीच पुढे. ४५ किमी म्हणजे दोन दिवसांतून एकदा चार्ज. पेट्रोलचा खर्च काढून बघा महिन्याचा.

धायरीकर_वळणवाला
सोसायटीत पार्किंग उघड्यावर, चार्जिंग पॉइंटला कमिटी दोन वर्षं नाही म्हणतेय. ईव्ही नाही जमणार. मॅन्युअल स्विफ्ट आणि फिगोबद्दल कोणी सांगा ना, क्लच हलका कुठल्या गाडीचा?

कृष्णाकाठ
कोल्हापूर-सांगलीच्या नंबरची गाडी स्वस्त दिसली तर आधी पुराचं बघा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. चिपळूणच्या पण. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, टोकाला गाळाची रेघ असते. स्टेपनी काढून खालचा पत्रा बघायचा.

पंचगंगा_०९
हे काय बरोबर नाही. एमएच-०९ म्हटलं की पुराची गाडी? आमच्याकडं माणसं गाडी लेकरासारखी ठेवतात, दर रविवारी धुणार. पूर ज्या भागात आला तो आला, अख्खा जिल्हा पाण्यात नव्हता.

कृष्णाकाठ
मी सांगलीचाच आहे दादा. माझ्या स्वतःच्या गाडीत स्टिअरिंगपर्यंत पाणी होतं. ती इन्शुरन्सने टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्तीपलीकडची धरली आणि वर्षाने तीच गाडी मला पुण्यात एका यार्डात विकायला लावलेली दिसली, मागच्या काचेवर पोरीने लावलेला स्टिकर होता तसाच. म्हणून लिहिलं, कोल्हापूरला नावं ठेवायची नाहीत मला.

मावशीची_ब्रिओ
@धायरीकर_वळणवाला क्लच हलका कशाला हवाय? आधी वळणावर मजा म्हणत होतास.

धायरीकर_वळणवाला
डाव्या गुडघ्याचं लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात चालव, पण ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबून सूज आली तर थांब. सध्या मित्राच्या डिझेल गाडीत वाकडपर्यंत गेलो तरी रात्री बर्फ लावावा लागतो.

सह्याद्री_ड्रायव्हर
अरे देवा, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! सगळा प्रश्नच बदलला. मी इथे मॅन्युअल फिगोबद्दल मोठी पोस्ट लिहीत बसलो होतो.

चाकणचा_पोऱ्या
मग तर डीएसजीच! क्लचचं पेडलच नाही. मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय.

होंडा_मनोहर
होंडा जॅझ सीव्हीटी, गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक.

सह्याद्री_ड्रायव्हर
जॅझ सीव्हीटी चांगली गाडी आहे, आईवडिलांना घेऊन जायला उत्तम, पण पसरणीत जोरात दाबलं की नुसता आवाज वाढतो. त्याला मजा हवीये. एएमटी, म्हणजे क्लच-गिअर आपोआप चालवणारी मॅन्युअल, घेतली तर गिअर बदलताना मान पुढे जाते, घाटात नको तिथे गिअर टाकते. राहता राहिली हलक्या क्लचची मॅन्युअल. २०१८ ते २०२० मधली पेट्रोल स्विफ्ट बघ. ८३ पीएस कागदावर काहीच नाही, पण गाडी ९०० किलोच्या आत आहे, त्यामुळे पळते, आणि क्लच इतका हलका की चपलेवर चालवता येते. टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायचा खर्च नाही. ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये दोनच स्टार मिळाले होते, पोलोला दोन एअरबॅगसकट चार, हे मात्र मनात धर. मी लपवून सांगणार नाही.

फिगोचं पण लिहून टाकतो, टाइप केलंच आहे. २०१९ नंतरची १.२ तीन सिलिंडर, ९६ पीएस. स्टिअरिंग आणि सस्पेन्शन स्विफ्टपेक्षा सरस, ग्राउंड क्लिअरन्स १७४ मिमी, धायरीच्या खड्ड्यांना बरा. वरच्या व्हेरिएंटला सहा एअरबॅग. पण टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजलेला असतो, मागच्या मालकाने भलत्या ग्रेडचं ऑइल घातलं असेल किंवा बदलायला उशीर केला असेल तर बेल्टची वाट लागते. म्हणून बिलं दाखवली तरच. फोर्डने २०२१ ला भारतात गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं तरी माझ्या मेहुण्याच्या गाडीचं सर्व्हिसिंग व्यवस्थित चालू आहे.

सीट_कव्हर_सम्राट
कुठलीही घ्या पण साइड एअरबॅग असेल तर सीटला पूर्ण झाकणारं कव्हर घालू नका, एअरबॅग सीटमधून उघडते.

शेजारची_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, गाड्यांमधलं मला कळत नाही. पण लिगामेंटच्या पेशंटला एक सांगते. सकाळी रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं चालवून गुडघ्याचं काही कळत नाही. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी साडेसहाला घ्या, वाकडच्या पुलाखाली जिथे गाडी इंच इंच सरकते तिथे. कमीत कमी ४५ मिनिटं. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढायची सवय लावा. मालक एवढा वेळ देत नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.

धायरीकर_वळणवाला
हे कुणालाच सुचलं नव्हतं. थँक्यू ताई, खरंच.

जुनं_तेल
पेट्रोलवाल्यांनी ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल घातलेल्या पेट्रोलचा विचार केलाय का? २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई१० धरून बनवल्यात. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून मायलेज पडतं.

रांजणगाव_फॅन
म्हणूनच म्हणतो डिझेल पुंटो.

जुनं_तेल
रबराचे होज, सील यांचं काय होतं हा खरा प्रश्न आहे. वेगळा धागा काढायला पाहिजे यावर.

सह्याद्री_ड्रायव्हर
काढा. इथे नको.
@धायरीकर_वळणवाला रविवारी जाशील तेव्हा मालकाला सांग, गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लाव, गरम असेल तर काहीतरी लपवलंय असं धरून चाल. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर का ते विचार. गाडीच्या नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस हिस्ट्री काढायला लाव, दर सर्व्हिसला किती किमी होते ते त्यात दिसतं, मीटर मागे फिरवलं असेल तर तिथेच सापडतं. फेंडर आणि बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालाय का बघ. ई-चलानं बाकी आहेत का बघ. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी लावलीये का ते पण.

(रविवार रात्र)

धायरीकर_वळणवाला
जाऊन आलो. पोलो चालवली. चाकणच्या भावा, तू म्हणतोस त्यातलं अक्षरही खोटं नाही. बावधनच्या चढावर दाबली तर पाठ सीटला लागली, अंगावर काटा आला. पण ४० हजार किमीनंतरची एकही सर्व्हिस वर्कशॉपच्या रेकॉर्डला नाही, मीटरवर ६८. मालक म्हणतो ओळखीच्या मेकॅनिककडे केलं सगळं, बिल एकही नाही. वीस मिनिटं गाडीपाशी नुसता उभा होतो. टोकन न देता निघालो, फार वाईट वाटलं.

चाकणचा_पोऱ्या
बिल नाही म्हणून सोडली? २०२० नंतरची १.० टीएसआय बघ मग, ११० पीएस, सहा गिअरची मॅन्युअल, क्लचही जड नाही.

धायरीकर_वळणवाला
बघितली होती ॲपवर, साडेसहाच्या खाली येत नाहीत.

मावशीची_ब्रिओ
बरं केलंस सोडलीस. मन लागलेली गाडी सोडणं सोपं नसतं.

(बुधवार)

धायरीकर_वळणवाला
ऑफिसातल्या एकाच्या काकांची स्विफ्ट व्हीएक्सआय निघाली. फेब्रुवारी २०१९, एमएच-१४, पहिला मालक, ४१ हजार, सर्व्हिसचं सगळं रेकॉर्ड जुळतंय, चारही टायर २०२३ चे. ४.९० सांगतायत, ४.७५ ला येतील. एचएसआरपी झालंय. पण आरसीवर बँकेचं नाव अजून आहे, काका म्हणतात लोन कधीच फिटलं, तुम्ही पैसे द्या, नाव नंतर निघेल. चालेल का? उद्या उत्तर द्यायचंय.

सह्याद्री_ड्रायव्हर
पूर्ण पैसे देऊ नकोस. काका चांगले असतील, कागद अपुरा आहे. बँकेचं एनओसी (ना-हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ आधी हातात घे, एनओसीवरची तारीख बघ, मुदत असते त्याला. मग हायपोथिकेशन (आरसीवरचं बँकेचं नाव) काढायचं आणि ट्रान्सफरचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, सही समोर. फार तर दहा हजार टोकन, तेही चेकने किंवा यूपीआयने, आणि व्हॉट्सॲपवर लिहून घे की एनओसी आलं नाही तर परत. इन्शुरन्स १४ दिवसांत तुझ्या नावावर कर. काकांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) काकांकडेच राहतो, तुला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियमचा फरक भरावा लागेल, बजेटमध्ये धर.

रांजणगाव_फॅन
स्विफ्ट काय, दर चौथी गाडी तीच.

शेजारची_फिजिओ
संध्याकाळी चालवलीत का?

धायरीकर_वळणवाला
हो ताई. काल काकांना सगळं खरं सांगितलं, गुडघ्याचं पण. ते स्वतः शेजारी बसले. साडेसहाला हिंजवडीतून निघालो, वाकड, बालेवाडी, चांदणी चौक करत नवले पुलापर्यंत, एक तास दहा मिनिटं. भूमकर चौकातच पंधरा मिनिटं गेली. सीट दोन खाचा पुढे घेतली होती. रात्री सूज नाही, बर्फ लावला नाही. आणि वारज्याच्या पुढे थोडा रस्ता मोकळा मिळाला तर तिसऱ्यात टाकून ओढली, काका काही बोलले नाहीत, फक्त वरचं हँडल धरलं.

बँकेत ते शुक्रवारी जातायत. एनओसी आलं की पैसे.