मदत हवी आहे: एआय सहाय्यकाला जुन्या रेकॉर्डी डाउनलोड करणाऱ्या साधनाशी जोडताना अडकलोय

नमस्कार मंडळी,

मिरजेहून लिहितोय. बाबा ८१ वर्षांचे आहेत. सगळं आयुष्य तंबोऱ्याची जवारी काढण्यात, म्हणजे घोडी घासून नाद खुलवण्यात गेलं. आता डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही, कान मात्र तेवढेच तीक्ष्ण आहेत. त्यांना ७८ आरपीएमच्या जुन्या रेकॉर्डी ऐकायच्या असतात. अब्दुल करीम खाँसाहेब, हिराबाई बडोदेकर, १९३०-४० च्या दरम्यानचं गाणं. टाइप करणं, यादीतून निवडणं त्यांना जमत नाही. म्हणून असं ठरवलं की संगणकावरच्या एआय सहाय्यकाला त्यांनी तोंडी सांगायचं, "खाँसाहेबांची भैरवी काढ", आणि त्याने ती इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या ठेव्याच्या संकेतस्थळावरून शोधून फोल्डरमध्ये आणून ठेवायची.

त्यासाठी अर्काइव्हचंच 'आयए' नावाचं पायथनमधलं साधन घेतलं. ते शोधतं, डाउनलोड करतं, फक्त एमपीथ्रीच हव्यात असंही त्याला सांगता येतं. सहाय्यकाशी जोडायला एमसीपी, म्हणजे एआयने बाहेरच्या साधनांशी कसं बोलायचं ते ठरवणारा, नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला झालेला प्रोटोकॉल. छोटा सर्व्हर लिहिला, त्यात दोन टूल ठेवली: शोध आणि डाउनलोड. टर्मिनलवर दोन्ही व्यवस्थित चालतात.

सुरुवातीला सर्व्हर उठतच नव्हता. मॅकवर ॲप डॉकमधून उघडलं की त्याला टर्मिनलमधला पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या जागांची यादी) मिळत नाही, हे लॉग वाचून कळलं. कॉन्फिग फाइलमध्ये पायथनचा पूर्ण पत्ता लिहिला आणि ते सुटलं. कुणी याच ठिकाणी अडकलं असेल तर उपयोगी पडेल.

आता अडलंय ते असं. शोध चालतो, पण डाउनलोड सांगितलं की संपर्क तुटतो. लॉगमध्ये 'अनएक्स्पेक्टेड टोकन... इज नॉट व्हॅलिड जेसन' असं येतं (जेसन म्हणजे निरोप ज्या साच्यात जातात तो). किती काम झालं ते कळावं म्हणून मी कोडमध्ये जागोजागी प्रिंट टाकलेत, त्याचा काही संबंध असेल का? दहा-बारा रेकॉर्डी एकदम मागितल्या तर त्रुटी क्रमांक -३२००१, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे वाट पाहण्याची वेळ संपली.

खरी चिंता नावांची आहे. तिकडच्या नोंदी रोमन लिपीत आहेत. 'करीम' कुठे एका आयने, कुठे दोन ईंनी. बडोदेकर इंग्रजीत 'बरोडेकर' होतात. सहाय्यक पहिलं सापडेल ते उचलतो आणि आत्मविश्वासाने सांगतो, हीच ती. काही नोंदींत तर एकाच बाजूच्या वेगवेगळ्या जाडीच्या सुयांनी काढलेल्या तीन-चार प्रती असतात. परवा त्याने सगळ्या आणल्या. तीन मिनिटांची तीच चीज चौथ्यांदा सुरू झाली तेव्हा बाबांनी हात पुढे केला, जणू समोर फोनोच आहे, आणि विचारलं, "सुई अडकली का रे?" मला फार वाईट वाटलं. माणूस कानांवर जगतोय, त्याला चुकीचं काही ऐकवायचं नाही.

नवी गाणी फुकट उतरवण्याचे मार्ग कृपया सुचवू नका. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क, ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. मी त्या मुदतीबाहेरचंच घेतोय. पदाचा आणि चालीचा हक्क वेगळा, याचीही कल्पना आहे.

प्रतिसाद

तुमचा अंदाज बरोबर आहे, प्रिंटच आडवे येतायत. प्रिंट जिथे लिहितं त्या स्टँडर्ड आउटपुटवरूनच तुमचा सर्व्हर सहाय्यकाशी बोलतो, म्हणून तिथून फक्त प्रोटोकॉलचे निरोप जायला हवेत. तुमची एक ओळ मध्ये घुसली की समोरच्याला जेसन कळत नाही. ते सगळे प्रिंट स्टँडर्ड एरर या वेगळ्या वाटेकडे वळवा. 'आयए' वेगळी प्रोसेस म्हणून चालवत असाल तर तिचं आउटपुटही पकडून ठेवा, मोकळं सोडू नका.

टाइमआउटसाठी डाउनलोड टूलने काम संपेपर्यंत थांबूच नये. काम मागे सुरू करून लगेच एक क्रमांक परत द्यावा, आणि 'झालं का?' विचारायला तिसरं टूल ठेवावं. फाइल डिस्कवर खरंच आहे आणि तिचा आकार शून्य नाही, हे तपासूनच त्या टूलने 'झालं' म्हणावं.

नावं सहाय्यकावर सोपवू नका. बाबा ऐकतात ते कलाकार वीस-पंचवीसच असतील. प्रत्येकाची सगळी स्पेलिंगं एका फाइलमध्ये लिहा आणि शोध टूलने ती सगळी वापरून पाहावीत. डाउनलोडला नुसतं नाव चालू देऊ नका, नोंदीचा नेमका आयडीच मागा. एका बाजूची एकच प्रत घ्यायची, हा नियमही कोडमध्येच घाला.

धागाकर्ता

मनापासून आभार. प्रिंट वळवले, क्रमांकाची पद्धत केली, काल रात्री अकरा रेकॉर्डी न तुटता उतरल्या. स्पेलिंगची यादी बाबांजवळ बसून करतोय. ते नाव सांगतात, सोबत घराणं आणि गुरूही सांगतात, तेही लिहून घेतोय.

एक राहिलं. बऱ्याच नोंदींत वर्षच नाही, त्यामुळे ६० वर्षांची चाळणी लावता येत नाही. सध्या अशा नोंदी टूल सरळ नाकारतं. लेबलवरच्या क्रमांकावरून काळ कसा काढायचा, हे रेकॉर्डी जमवणाऱ्या कुणी सांगेल का?