मदत हवी आहे: नकाराधिकार म्हणजेच साम्राज्य का?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत कोटा (प्रत्येक देशाचा निधीतला वाटा, ज्यावर त्याची मतं ठरतात) बदलायला ८५ टक्के मतं लागतात. एकट्या अमेरिकेकडे साधारण १६.५ टक्के. बाकी सगळे एकत्र आले तरी पान हलत नाही. जागतिक व्यापार संघटनेत निर्णय सहमतीने, कागदावर सगळे समान; तरी अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून व्यापारतंट्यांचं अपील मंडळ ठप्पच. मायकल हार्ट आणि अंतोनियो नेग्री हे विचारवंत ‘एम्पायर’ (२०००) या पुस्तकात केंद्र नसलेलं साम्राज्य मांडतात, इथे तर केंद्र ढळढळीत दिसतं!

‘ज्याला झळ, त्याला मत’ (निर्णयाची झळ ज्याला बसते, त्याला त्या निर्णयात मत हवं) हे तत्त्व लावायला गेलं की गाडं अडतं: मत नाणेनिधीकडून कर्ज घेणाऱ्या सरकारला, की त्याच्या नागरिकांना? मग वर्चस्व आणि साम्राज्य यांतली रेघ कशावर ओढायची, नकाराधिकारावर की कर्जाच्या अटींवर? जाणकारांनी सांगावं. ‘सगळी भांडवलशाहीच’ हे उत्तर मात्र नको.