निवेदकाला माहीत असलेले वाचकापासून किती काळ राखून ठेवावे? पहिल्या कादंबरीसाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

माझ्या पहिल्या कादंबरीचा खर्डा पूर्ण झाला आहे. तो प्रकाशकाकडे पाठवण्यापूर्वी निवेदनातल्या एका अडचणीबद्दल आणि कराराच्या काही मुद्द्यांबद्दल जाणत्या लेखक-संपादकांचे मत हवे आहे. लेखनाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जे शिकले ते वाचनातून आणि आवडलेल्या कथा परिच्छेदागणिक उलगडून पाहण्यातून. म्हणून उत्तर देताना तंत्राच्या बारकाव्यांत अवश्य शिरावे, ही विनंती.

कादंबरी प्रथमपुरुषी निवेदनात आहे. निवेदिकेचा धाकटा भाऊ तरुणपणी घर सोडून गेला आणि परतला नाही. ती हकिकत ती २५ वर्षांनी सांगते आहे. भाऊ का गेला हे तिला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे, कारण त्याला कारणीभूत ठरलेले पत्र तिनेच दडवले होते. वाचकाला मात्र हे शेवटून दुसऱ्या प्रकरणात कळते. माझी अडचण नेमकी इथे आहे. घटना घडत असतानाच सांगणाऱ्या निवेदकाला पुढचे माहीत नसणे स्वाभाविक असते. पण जी व्यक्ती सगळे घडून गेल्यावर, सगळे जाणून सांगायला बसली आहे, तिने मुख्य गोष्ट राखून ठेवली तर वाचकाला फसवल्यासारखे वाटणार नाही का?

माझ्या समजुतीप्रमाणे या लपवण्याचे दोन प्रकार आहेत. एकात उत्कंठा टिकावी म्हणून लेखकच निवेदकाचे तोंड दाबून धरतो. दुसऱ्यात निवेदकालाच ती गोष्ट बोलवत नाही, आणि ते न बोलवणे मजकुरात दिसत राहते: त्या संध्याकाळच्या जवळ येताच ती विषय बदलते, खोलीतल्या वस्तूंचे नको इतके वर्णन करू लागते, एरवी सलग सांगणारी बाई अचानक आठवडाभर पुढे जाते. मला दुसरा प्रकार साधायचा आहे. पण असे किती टाळणे पुरेसे असते आणि कुठल्या टप्प्यावर त्याची क्लृप्ती होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पर्याय म्हणून काही प्रकरणे मी तृतीयपुरुषी मर्यादित दृष्टिकोनातून लिहून पाहिली. त्यात लपवण्याचा प्रश्न बराच सुटतो, कारण त्या क्षणी पात्राच्या मनात जे आहे तेवढेच सांगायचे असते. परंतु ‘त्या दिवशी पाऊस होता का, हे मला आठवत नाही, आणि आठवावे असे वाटतही नाही’ हे वाक्य ‘तिला आठवत नव्हते’ असे झाले की त्यातला तिचा हट्ट निघून जातो आणि उरते ती नुसती माहिती. पत्राची गोष्ट पहिल्याच प्रकरणात सांगून टाकावी, असाही विचार केला. तसे केल्यास ‘काय झाले’ याऐवजी ‘तिने असे का केले’ हा प्रश्न पुढे येतो, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. मात्र मधली प्रकरणे आज केवळ अनिश्चिततेच्या आधारावर उभी आहेत. तो आधार काढला तर घरातले साधे संवाद सैल पडतात. ‘माझ्या हातून काहीतरी घडले होते’ एवढेच आरंभी सुचवून पुढे नेण्याची पद्धत वाचक म्हणून मला आवडत नाही. त्यात आमिष दाखवल्याचा भाव असतो. अशा रचनेचे पुनर्लेखन कोणी केले असेल, तर मधल्या प्रकरणांना दुसरा कोणता ताण दिला, हे कृपया सविस्तर सांगावे.

याला जोडूनच एक प्रश्न. कोणताही वाचक रहस्य न जाणता वाचणारा असा एकदाच मिळतो. त्यामुळे पहिल्या वाचकांना ‘आवडली का?’ असे न विचारता ‘कोणत्या पानावर तिचा संशय आला?’ आणि ‘कुठे वाचन थांबवावेसे वाटले?’ असे विचारण्याचे ठरवले आहे. आणखी काय विचारणे उपयोगी ठरेल?

प्रकाशनाबाबत थोडक्यात. संपादकाला पाठवायच्या सारांशात शेवट लपवू नये, असे मी वाचले आहे आणि ते पटतेही. पण मग संपादक नमुना प्रकरणे रहस्य ठाऊक असतानाच वाचणार; अशा वेळी आरंभीची सलग प्रकरणे पाठवावीत की निवडक?

एका प्रकाशकाने छपाईचा खर्च लेखकाने करावा आणि अनुवाद, ध्वनिपुस्तक, रूपांतर यांसह सर्व हक्क कायमचे द्यावेत, असा मसुदा पाठवला आहे. तो मी स्वीकारणार नाही. बर्न करारानुसार (लेखनहक्कांविषयीचा १८८६ चा आंतरराष्ट्रीय करार) स्वामित्वहक्क लेखनाबरोबरच मिळतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. आणि १३ अंकी आयएसबीएन (पुस्तकावर छापला जाणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ही त्या आवृत्तीची ओळख असते, मालकीचा पुरावा नव्हे, हे मला माहीत आहे. म्हणजे खरा प्रश्न करारात कोणते हक्क, कोणत्या भाषेपुरते आणि किती वर्षांसाठी द्यायचे, हा आहे. पुस्तक अनुपलब्ध झाल्यावर हक्क लेखकाकडे परत यावेत, असे कलम पूर्वी पुरेसे असे. परंतु मागणीनुसार छपाई आणि ई-पुस्तक यांमुळे पुस्तक कागदोपत्री कधीच अनुपलब्ध होत नाही. म्हणून वर्षभरात ठरावीक प्रतींपेक्षा कमी विक्री झाल्यास हक्क परत यावेत, असे कलम मागावे असे मला वाटते. असे कलम कोणाला प्रत्यक्ष मिळाले असल्यास त्याची शब्दयोजना कळवावी.

निवेदनाबद्दल मत देण्यासाठी मजकूर पाहायचा असल्यास पहिले आणि ते शेवटून दुसरे प्रकरण मी व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवू शकेन. शक्यतो पहिले वाचून झाल्यावर आपले मत लिहून ठेवावे आणि मगच दुसरे उघडावे.